काळजाचं कुत्रं कुणी केलं?

रेडिओवाले साहेब, माझ्या बहिणीच्या तोंडातलं काळीज तुम्ही काढून घेतलंत आणि तिथं कुत्रं बसवलंत.

नाटक खेड्यातल्या नवरीचं. माझी बहीण रुदैनाही खेड्यातलीच, रामल्लापलीकडच्या आमच्या डोंगरातली. रेडिओवर बोलायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. तुम्ही आवाजाच्या चाचणीला बोलावलंत, तर आठवडाभर तिनं शेळ्यांना संवाद ऐकवले. तुमच्यासमोर ती म्हणाली, "तू माझ्या कल्बात राहतोस."

हसता हसता तुम्ही खुर्चीतून पडायचेच बाकी होतात. "अगं, कुत्र्यात कशाला राहील तो? नवरा आहे की गोचीड?"

शहरात काळजाला 'अल्ब' म्हणतात, कुत्र्याला 'कल्ब'. आमच्याकडे काळीज म्हणजे 'कल्ब' आणि कुत्रं म्हणजे 'चल्ब'. पुस्तकी अरबीतला खोल घशातला 'क़' तुम्ही शहरवाल्यांनी गिळून टाकलात. आम्ही त्याला पुढं आणून 'क' केला, मग आधीचा 'क' बिचारा सरकून 'च' झाला. बाकावर सगळे एकेक जागा सरकले, कुणी कुणाच्या मांडीवर बसलं नाही. आमच्या गावात नवऱ्याला चुकून कुत्रं कुणी म्हणत नाही. म्हणतात ते ठरवून.

रुदैनानं विचारलं, "साहेब, नवरी आमच्यातली आहे ना? मग ती असंच बोलेल."

"पोरी, खेडवळ कसे बोलतात ते आम्हाला नको शिकवू. 'क' असो की 'क़', तिथं 'च', झालं." एवढं बोलून तुम्ही नवरीची भूमिका शहरातल्या लमीसला देऊन टाकलीत.

नाटक लागलं त्या संध्याकाळी सगळा गाव आमच्या अंगणात. आमची मावशी, खाला शम्सा, कॉफी ओतत होती. तुमची लमीस गळा दाटून म्हणाली, "तू माझ्या चल्बात राहतोस."

मग खाला म्हणाली, "तरीच. मी म्हणते, माझा म्हातारा दिवसभर जातो कुठं."

म्हातारी माणसं हसून हसून खोकायला लागली. रुदैना हसली नाही. उठून आत गेली.

तेव्हापासून ती आरशापुढं 'अल्ब, अल्ब' घोकतेय. परवा तिनं कॉफी मागितली तीही तुमच्यासारखी, आमचं 'कहवे' सोडून 'अहवे' म्हणून. आई बघतच राहिली. "काय गं, घसा बसलाय का?" तिला खरंच काळजी वाटली. हल्ली रुदैना घरात फारसं बोलतच नाही, आणि शेळ्यांशी तर अजिबात नाही.

तिची चाचणी पुन्हा घ्या, तिच्या 'कल्ब'सकट. घ्यायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. पण त्याआधी एवढं बोला साहेब: त्या नवऱ्याला कुत्र्यात कुणी घातलं, तिनं की तुम्ही?