मोजले मी, मिरवला नकाशा

मित्रांनो, आधी सरळ बसा. वाकड्या पाठीने ऐकणारे मला खपत नाहीत. मी पैमाइशीची जुनी जरीब आहे, म्हणजे जमीन मोजण्याची लोखंडी साखळी. निजामाच्या राज्यात एका लोहाराने माझी कडी न् कडी ठोकून जुळवली आणि मी बेज्जूरच्या दफ्तरात आले. शेतांच्या हद्दी मी ठरवल्या. मी जमिनीवर पसरले की भाऊबंदांची भांडणे थांबत.

पुढे प्राणहिता नदीच्या काठाची मोजणी निघाली. काट्यांतून, चिखलातून, तापलेल्या दगडांवरून मला ओढत नेले. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून प्रत्येक डोह आणि प्रत्येक ओढा मी मोजला. ती मापे एका कापडी नकाशावर उतरली. तो मात्र दिवसभर सावलीत पडून असे. काम संपताच त्याला सागवानी चौकट मिळाली, काच मिळाली, साहेबाच्या खुर्चीमागची भिंत मिळाली. मला साधी खुंटीही मिळाली नाही.

निजाम गेला, आंध्र प्रदेश झाला, मीटरच्या फिती आल्या आणि मला कचेरीच्या फाटकाला बांधले. जिने गावांच्या सीमा आखल्या, तिने आता गुरे अडवायची! येणारा प्रत्येक जण आत जाऊन नकाशाचे कौतुक करी आणि मला झटकून बाजूला सारी. माझा जीव जळे. त्याच्या काचेआड बुरशी चढावी, असे मी दर पावसाळ्यात इच्छीत असे. गंज मात्र माझ्यावरच चढला.

एका उन्हाळ्यात मत्स्य खात्याच्या पद्मिनीबाई आल्या. मोठ्या खवल्यांचा खडस मासा नदीतून दिसेनासा झाला होता. पुरात तो एका आडओढ्यात शिरे आणि तिथल्या गोट्यांवर अंडी घाली. त्या ओढ्याचे तोंड कधीचेच वाळूने बुजले होते. पावसाआधी ते मोकळे झाले नाही, तर खाते हे काम सोडून देणार होते आणि मासे धरणाऱ्या भोयांची उरलीसुरली घरेही पोटासाठी गाव सोडणार होती. ओढ्याची जागा दाखवी तो एकटा नकाशा. बाईंनी त्याला तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांवर उतरवून घेतले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नकाशावर अंतरे जरिबांत लिहिलेली होती. बाई ज्या जरिबेवर शिकल्या, ती माझ्या दुप्पट लांबीची. त्याच मापाने त्यांनी घाटापासून दूरवर खोदायला लावले. पुढे काय झाले, ते कचेरीचे कारकून शामराव फाटकातच उभे राहून शिपायाला सांगत होते. वाळूखाली निघाली वाळूच. भोयांतले वडीलधारे दादाजी काठावर उकिडवे बसले होते.

"बाई, काऊन वाळू उपसून राह्यल्या?"

"नकाशात ओढा इथेच आहे, दादाजी."

"मंग नकाशालेच जाळं टाकाले सांगा. आमी घरी जातो."

खोटे कशाला बोलू? नकाशाची ही फजिती ऐकून मला साखरेसारखे गोड वाटले.

संध्याकाळी बाई परतल्या. फाटक उघडायला मला सोडताना त्यांच्या हाताला कड्यांची मोजदाद दाखवणारा माझा पितळी बिल्ला लागला. त्या थबकल्या.

"शामराव, ही साखळी कुठली?"

"जुनी जरीब हाय, मॅडम. गुरं आत येतात, म्हणून बांधली."

बाईंनी मला तिथेच अंगणात पसरून फितीने मोजले. आपण दुप्पट दूर गेलो, हे त्यांना उमगले.

दुसऱ्या दिवशी मला सन्मानाने नदीवर नेले. आदल्या जागेच्या अर्ध्या वाटेवर खोदताच गाळाखाली ओले, गोल गोटे लागले. दादाजींनी एक गोटा हातात घोळवला. त्यांचा आजा याच गोट्यांचे सांगत असे म्हणे. जागा मात्र कोणी दाखवली नव्हती. भोयांनी बायकापोरांसह फावडी धरली आणि पाऊस पडण्याआधी ओढ्याचे तोंड मोकळे केले.

दसरा झाल्यावर निवळलेल्या पाण्यात खडसाची बोटाएवढी पिले दिसली. सारा गाव लोटला. नकाशालाही मिरवत आणले होते. पण त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहीना. मी सुखावले. मग ध्यानात आले, माझ्याकडेही कोणी पाहत नव्हते. साऱ्या माना पाण्यावर वाकल्या होत्या. मित्रांनो, त्या चिमुकल्या पिलांचासुद्धा मला हेवा वाटला.

आता माझी आज्ञा ऐका. ज्याने मोजले, ते माप टाकू नका. ते हरवले की लिहिलेले आकडे मुके होतात. मला वर्षातून एकदा तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. नकाशालाही जपा, माझी ना नाही.

पण आधी मला.