चार सफाई कामगार

सरकारचा पैसा एका पिशवीत नसतो, बरण्यांत असतो. मजुरीची बरणी वेगळी, प्रवासाची वेगळी, कार्यालयीन खर्चाची वेगळी. एका बरणीतलं दुसरीत ओतायचं तर मंत्रालयाची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत मागणारा निवृत्त होतो. रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयाची लेखाधिकारी आसिया होडेकर हिला हा कायदा तोंडपाठ होता. कायदा न वाचलेल्यांपेक्षा पाठ केलेली माणसं जास्त घातक, असं ती नेहमी म्हणायची. त्यात ती स्वतःला धरत नसे.

त्या वर्षी मजुरीची बरणी जानेवारीतच रिकामी झाली. आगरवेळच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बुडण्यापासून वाचवणारे चार जीवरक्षक होते, त्यांचा पगार त्याच बरणीतून निघायचा. कार्यालयीन खर्चाची बरणी मात्र मार्च आला तरी काठोकाठ भरलेली. पैसा परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळतो, म्हणून कार्यालयप्रमुख गुरुप्रसाद नाचणेकर साहेबांनी सगळ्या खिडक्यांना नवे पडदे लावले. जुने गेल्या मार्चमधले होते. पडद्यांनंतरही पैसे उरले, तेव्हा साहेब फिरत्या खुर्च्यांचा कॅटलॉग उघडून बसले.

त्याच दिवशी जिब्रान आला. चौघा जीवरक्षकांतला तो थोरला, आसियाच्या गावचा, नात्यातलाच म्हणायचा.

"आपा, दोन महिने पगार नाय. पोरं बोलतात, आम्ही जातो बोटीवर. मग किनाऱ्यावर कोण बसणार?"

"पैसे आहेत रे. पण ते दुसऱ्या कामाचे."

"समुद्राला काय माहीत कुठल्या कामाचे?"

आसियाला हसू आलं, आणि मागोमाग संतापही. खुर्च्यांना पैसे आहेत आणि माणसं वाचवणाऱ्याला नाहीत! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. मग तिच्या डोक्यात ती कल्पना आली. कार्यालयीन खर्चातून साफसफाईची मजुरी देता येते. चौघांना कागदावर सफाई कामगार करायचं. किनाऱ्यावर त्यांनी नेहमीचं काम करायचं, पगार झाडूच्या नावाने घ्यायचा. साहेबांनी डोळे मिटून सही केली. त्यांना खुर्च्या मिळाल्यावर कशाचीच हरकत नसे.

जिब्रानने दोन महिन्यांचा पगार घेतला आणि आसियाच्या घरी ताजी सुरमई पोचती केली. ती आठवडाभर स्वतःवर खूश होती. एवढे साहेब येऊन गेले, एवढी परिपत्रकं आली, आणि वाट शेवटी कुणी काढली? तिने. एप्रिल उजाडला, नव्या वर्षाची मजुरीची बरणी काही वरून आली नाही, म्हणून झाडूची व्यवस्था तशीच चालू राहिली.

ऑडिटवाले मे महिन्यात आले. ते मेमध्येच येतात. हिशेब बाराही महिने तपासता येतात, पण हापूस बाराही महिने नसतो. त्यांच्यातल्या पोक्त साहेबांनी आमरसाची दुसरी वाटी संपवली आणि विचारलं, "तीन खोल्यांच्या ऑफिसला चार सफाई कामगार? उद्या सुट्टी असली तरी आम्ही बसणार आहोत, सकाळी दाखवा बरं आम्हाला."

नाचणेकर साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. ते आसियाच्या टेबलाशी धावत आले. "मॅडम, बोलवा त्या चौघांना. झाडू घेऊन. दिवसभर इथेच राहू देत."

"साहेब, उद्या रविवार आहे. सुट्टीची गर्दी. किनाऱ्यावर कुणीच उरणार नाही."

"एका दिवसात काय समुद्र पळून जातोय?"

आसियाने मान डोलावली, नाही म्हणाली नाही. तिची युक्ती उघडी पडणार होती, आणि त्याची भीती तिला समुद्रापेक्षा मोठी वाटली. फोन तिनेच लावला.

रविवारी जिब्रानने फिरत्या खुर्च्या पुसल्या. बाकीच्यांनी आधीच स्वच्छ असलेली फरशी पुन्हा पुसली. ऑडिटवाल्यांनी चौघांना मोजलं, हजेरीपत्रकावर बरोबरची खूण केली आणि आंब्याच्या पेट्या गाडीत चढवल्या. दुपारी भरतीच्या वेळी आगरवेळला कराडहून आलेला एक कॉलेजचा पोरगा आत ओढला गेला. विनीत त्याचं नाव. त्याचे मित्र वाळूवर धावत ओरडत होते, पण ऐकायला जे हवे होते ते चौघे रत्नागिरीत फडकी पिळत होते. संध्याकाळी मच्छीमारांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

मंत्रालयातून विचारणा आली: किनाऱ्यावर जीवरक्षक का नव्हते? आसियाला वाटलं, आता साहेबांची झोप उडणार. पण साहेब हसतमुखाने केबिनमधून बाहेर आले.

"मॅडम, तुमच्या हुशारीने वाचलो! मार्चपासून आपल्याकडे जीवरक्षकच नाहीत. चौघे सफाई कामगार. आणि ऑडिटने तपासून शिक्का मारलाय. नेमणूकच नाही, तर हलगर्जी कुणाची? तसा अहवाल करा, मी सही करतो."

जिब्रान दाराशीच उभा होता. चार दिवसांत त्याचा चेहरा ओळखू येईना. "गावात विचारतात, तू कुठं होतास. मी काय सांगू, आपा?"

"खरं तेच सांग," साहेब मध्येच म्हणाले. "साफसफाई करत होतो म्हणून."

आसियाला त्या क्षणी साहेबांचा राग आलाच नाही. स्वतःची किळस आली. ह्या माणसाला ती इतकी वर्षं मूर्ख समजत होती, आणि त्याच्या हातात हे हत्यार तिनेच घडवून दिलं होतं. तिने अहवाल लिहिला. चौघे जीवरक्षकच होते, त्यांना सफाई कामगार दाखवण्याची कल्पना माझी, आणि त्या रविवारी त्यांना फोन करून किनाऱ्यावरून कार्यालयात मीच बोलावलं. साहेबांनी वाचून तो फाडला. तिने दुसरी प्रत आधीच वर पाठवली होती.

"नोकरी जाईल तुमची!" साहेब ओरडले.

"जाऊ दे," ती म्हणाली.

पावसाळ्यात तिला नोटीस आली. आसिया होडेकर यांनी सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय कार्यालयीन खर्चाच्या तरतुदीतून जीवरक्षकांचे वेतन अदा केल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले असून, सदर रक्कम त्यांच्या पगारातून का वसूल करू नये, याचा खुलासा करावा. तिने नोटीस उलटून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. खर्चाचा नियम होता, पोटनियम होता, चौघांची नावं होती. बुडालेल्या पोराचं नाव कुठेच नव्हतं. रविवार नव्हता, समुद्र नव्हता.

साहेबांनी काचेतून डोकावून विचारलं, "काय मॅडम, लिहिताय ना खुलासा? थोडक्यात लिहा. चुकून झालं म्हणा, मी सांभाळून घेतो."

आसियाने कोरा कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीत विनीतचं पूर्ण नाव लिहिलं.