झेनियाचे मिटलेले तळहात

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे आणि गोष्ट लहान. मस्कतजवळ अल खौदला एका घरात काचेची टाकी होती, जेमतेम दोन कळश्या पाणी मावेल एवढी. तिची ही गोष्ट.

टाकी विशाखाची. तिच्यात मासा एकही नाही, नुसती मऊ पोवळी. मालवणहून राहायला आलेल्या तिच्या सासूला, सुगंधाबाईंना, पोवळं म्हणजे अंगठीतला मंगळाचा खडा एवढंच ठाऊक. हे तर जिवंत. त्यातल्या झेनिया नावाच्या पोवळ्याला इवले इवले तळहात, आणि ते सारखे उघडायचे, मिटायचे. सुगंधाबाई संध्याकाळी अभंग म्हणायला बसत त्या टाकीकडे तोंड करून. म्हणायच्या, एवढे टाळकरी मला गावच्या देवळातसुद्धा मिळाले नाहीत.

ईदची सुट्टी लागली. विशाखाचा नवरा अजिंक्य दूरच्या दुक्म गावी प्रोजेक्टवर. त्याला निघता येईना, म्हणून हीच त्याला भेटायला गेली आणि पहिल्यांदाच टाकी सासूच्या हवाली केली. एसीने पाणी उडून जातं, तेव्हा रोज काचेवरच्या रेघेपर्यंत कॅनमधलं शुद्ध पाणी घालायचं, दुसरं काही नाही, असं तिने दोनदा बजावलं.

सुगंधाबाईंनी मान हलवली, पण मनाला पटेना. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी? ही नगरची पोर, हिला समुद्राचं काय ठाऊक? शेजारचे बाबामियाँ रत्नागिरीचे, सीबच्या किनाऱ्यावर मासळी आणायला जायचे. त्यांच्याकडून बाईंनी समुद्राचं पाणी मागवलं आणि रोज सकाळी, देवाला स्नान घालावं तशा भक्तीने, रेघेपर्यंत ओतलं.

सुट्टी सरत आली तशी झेनिया आक्रसली. तळहात मिटले ते उघडेनात. बाबामियाँ डोकावून म्हणाले, "फडकं टाका वरून. सून आली की सांगा, झोपलीत."

सुगंधाबाईंना हसू आलं नाही. पोवळं जाईल ते जाईलच, पण विशाखा पुन्हा आपल्यावर काही विसंबून सोडायची नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी फोन लावला.

"बाय गो, माझ्या हातून चूक झाली," म्हणत सगळं सांगितलं. नगरच्या पोरीबद्दल मनात आलेलंसुद्धा.

विशाखाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई, आमटी आटली तर तुम्ही काय घालता?"

"पाणी."

"मीठ नाही?"

"मीठ कशाला? ते असतंच की..." सुगंधाबाई थबकल्या.

"तसंच आहे हे. उडतं ते पाणी. मीठ मागे राहतं, आणि तुम्ही वर आणखी घातलंत."

मग तिने उपाय सांगितला. वाटीभर खारं काढायचं, वाटीभर साधं घालायचं, मध्ये वेळ जाऊ द्यायचा. एकदम बदललं तर त्या जिवांना सोसणार नाही. सुगंधाबाई वाटी घेऊन टाकीपाशीच बसल्या. अभंग चालू, हात चालू.

विशाखा परतली तेव्हा एक फांदी गळून गेली होती. बाकीचे तळहात कुठे कुठे उघडत होते, लय अजून नव्हती. तिने गळलेली फांदी अलगद बाहेर काढली आणि बॅग न उघडताच म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी परत दुक्मला जाणार आहे. टाकी तुमच्याकडेच."

सुगंधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा मायबापहो, घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, तेव्हा माझं एक मागणं. जिने आवाज न चढवता सासूला आमटीचं विचारलं, त्या विशाखाची आठवण ठेवा.