गौरीची सवाष्ण

दुपारी शाळेत वर्णद्वेषावर बोलताना इंद्रायणीबाईंचे डोळे भरून आले. अमेरिकेत काळ्या लोकांना पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते, हे त्यांनी मुलांना सांगितलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या प्रियदर्शनीनं. सांगोल्याकडच्या धनगराची ही लेक त्याच शाळेत शिकवायची आणि बाईंच्याच माडीवर भाड्यानं राहायची. नवरा नोकरीला माळशिरसला, त्यामुळं संध्याकाळी बोलायला फक्त भिंती.

त्या संध्याकाळी बाई घाईघाईनं वर आल्या. उद्या गौरी जेवणार, आणि ठरलेली सवाष्ण आजारी पडली होती.

"तुझ्या ओळखीत कुणी सवाष्ण असेल तर बघ ना गं."

प्रियदर्शनीनं मंगळसूत्र पदराबाहेर काढलं. "मी हाय की, बाई." घरची भाषा तोंडातून निसटलीच.

बाई ओशाळून हसल्या. "आहेस गं. पण आमच्यातली लागते. मी नाही मानत, देवाचं असतं ना."

"मग दुपारी रडलात ते कुणासाठी?"

बाई जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आली, झाकून जिन्यावर ठेवलेली. सणावाराला बाई नेहमीच काहीतरी पाठवायच्या. ते दर वेळी फेकून द्यायच्या कागदी ताटलीत असायचं, हे प्रियदर्शनीच्या आज लक्षात आलं.