सातव्या खुंटीवरचा कोट

मित्रांनो, मी एक जुने खुंटाळे आहे. सागवानी फळी आणि तिच्यावर चौदा खुंट्या. शाळेची सहल माझ्यासमोर येते तेव्हा तुमच्या बाई म्हणतात, "हे खुंटाळं. पूर्वी यावर कोट टांगायचे." आणि पुढे सरकतात. बाकीची गोष्ट त्या सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसे होणार नाही. मी डूख धरून आहे, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

सुताराने मला एका शिंप्यासाठी बनवले. सातवे भोक त्याच्याकडून जरा मोठे पडले. त्याने पाचर ठोकली आणि म्हणाला, "हलेल थोडी, पण धरून ठेवेल." तेव्हा तो सहज बोलला होता.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानात दुसरा एकच माणूस होता, काज करणारा आणि बटणे लावणारा. त्याला सगळे काजवाला म्हणत. गिऱ्हाइकांना वाटे, हा मास्तरांचा कारागीर. पण कोणताही मालक कारागिराला "मफलर घेतलास का?" असे तीनदा विचारत नाही, आणि कोणताही कारागीर मालकाला "हरवलात ना परत चष्मा?" म्हणून फैलावर घेत नाही. वीस वर्षे दोघांनी भांडत-भांडत संसार केला आणि बाहेर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

कारण त्या काळी पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा गुन्हा होता. दोन पुरुष एकत्र नाचले तरी तुरुंग. म्हणून शनिवारी दुकानाची फळी लागली की मागच्या दाराने माणसे येत. एक बँकेतला कारकून, दोन शिक्षक, औषधाच्या दुकानातला विक्रेता, एक ट्रकवाला आणि आणखी काही. वाटेत कोणी हटकले तर ते म्हणायचे, "शिंप्याकडे ट्रायलला चाललोय." ट्रायलला जाणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? कापायचे मोठे टेबल भिंतीला लागायचे आणि रेकॉर्ड सुरू व्हायची. गाणे रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून एकाने शिलाईचे मशीन रिकामेच चालवत बसायचे. शेजाऱ्यांना वाटायचे, मास्तरांना कामाचा फार उरक आहे. ज्याला नाचता येत नाही त्याने पाय मशीनवर चालवावेत, असा काजवाल्याचा नियम होता. ट्रकवाला बिचारा वर्षभर मशीनवरच होता.

लोक एखाद्याविषयी म्हणतात ना, की याने लाज खुंटीला टांगली? माझ्यावर कोणी लाज टांगली नाही, मित्रांनो. त्या माणसांनी माझ्यावर भीती टांगली. कोट काढला की प्रत्येकाचे खांदे चार बोटे खाली यायचे. ट्रकवाला तर गुणगुणायलाच लागायचा, आणि त्याचा सूर फार वाईट होता.

मास्तर दर शनिवारी माझी एकेक खुंटी हलवून बघत. माणसांचेही तसेच. नवीन कोणी आला की त्याला महिनाभर दुकानातच बसवून ठेवायचे, उलटसुलट विचारायचे, आणि मगच मागे न्यायचे. फक्त एकाला त्यांनी हलवून पाहिले नाही. त्याला काजवाल्याने स्वतः हात धरून आणले होते, म्हणून.

त्याच्या अंगाला दहा पावलांवरून वास यायचा, म्हणून सगळे त्याला अत्तर म्हणत. बोलायला गोड, हसायला गोड. सातवी खुंटी हलते म्हणून कोणी घेत नसे. अत्तर म्हणाला, "द्या ती मला. आमचंही असंच आहे, जरा सैल." सगळे हसले. वर्षभर त्याचा कोट सातवर आणि काजवाल्याचा शेजारी आठवर असायचा.

मग हिवाळ्यातला तो शनिवार आला. बाहेर गारठा होता. आत पंधरा माणसांमुळे पंखा लावावा लागला होता. काजवाल्याने कोट घ्यायला हात पुढे केला तर अत्तर म्हणाला, "राहू दे रे, थंडी वाजतेय." मग म्हणाला, "आज मशीनवर मी बसतो. ट्रकवाल्याला नाचू द्या एकदा."

ट्रकवाला खूश झाला. मास्तरांनी त्याला काजवाल्याच्या हवाली केले आणि गाणे लागले. अर्धे गाणे झाले असेल नसेल, मशीन थांबले. गाणे उघडे पडले आणि रस्त्यापर्यंत गेले. पोलीस त्या खुणेचीच वाट बघत होते.

पोलीस पुढच्या दाराने शिरले. अत्तर मागच्या दाराने गेला, कोटासकट. बाकी सगळ्यांना होते तसे, शर्टावर नेले. काजवाला खोकत होता. मास्तर म्हणाले, "साहेब, निदान त्याला कोट तरी घेऊ द्या." साहेब म्हणाले, "नाचताना नव्हती का वाजत थंडी?" तेरा कोट माझ्यावर राहिले. मला हात नाहीत, मित्रांनो. त्या दिवशी जेवढे वाईट वाटले तेवढे पुन्हा कधी वाटले नाही.

काजवाल्याच्या छातीत कफ भरला. दुसऱ्या महिन्यात तो कोठडीतच गेला.

मास्तर आठ महिन्यांनी सुटून आले. त्यांनी दिवा लावला आणि माझ्यासमोर उभे राहिले. तेरा कोट, आणि सातवी खुंटी रिकामी. अत्तर तोवर आपल्यातल्या सगळ्यांना सांगत सुटला होता, की मी खिडकीतून उडी मारून वाचलो, कोटसुद्धा तिथेच राहिला. मास्तरांनी सातव्या खुंटीवर बोट ठेवले. बोट बराच वेळ तिथेच होते. काजवाल्याने ज्याला हात धरून आणले, त्यानेच केसाने गळा कापला होता.

पण तक्रार करायची कुणाकडे? कायदाच त्याच्या बाजूचा. चौघे जण चोरून आपले कोट घेऊन गेले. नऊ उरले. मास्तरांनी ते डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवले आणि अडतीस वर्षे दर हिवाळ्यात उन्हात घातले. कोणी विचारले तर म्हणत, "गिऱ्हाइकांचे आहेत. येतील."

मग कायदा बदलला. एका संस्थेने ठरवले की दुकानाच्या या खोलीत त्या दिवसांचे छोटे संग्रहालय करायचे. संस्थेची सेक्रेटरी, एक तरतरीत मुलगी, मास्तरांना सांगायला आली. उद्घाटनाला पाहुणे कोण, तर अत्तर. तो आता मोठा माणूस झाला होता. त्या दिवसांच्या आठवणी सांगत सभा गाजवायचा आणि डोळे पुसायचा.

मास्तर एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांनी एवढेच विचारले, "ते स्वतः येणार ना? मग हिवाळ्यात ठेव बाई कार्यक्रम."

अत्तर आला. भारी लोकरी कोट, तोच वास. खोलीत सत्तर-ऐंशी माणसे होती. तो बोलायला उभा राहिला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "ती सातवी खुंटी. तिथं माझा कोट राहिला. शर्टावर पळालो मी त्या थंडीत. आजही त्या कोटाची आठवण येते." लोकांनी रुमाल काढले.

मागच्या खुर्चीवरून मास्तर उठले. म्हणाले, "मग घेऊन जा ना. जपून ठेवलेत मी."

सेक्रेटरीने पेटी उघडली. नऊ कोट माझ्यावर चढले, सातवी सोडून. अत्तराच्या तोंडचे पाणी पळाले. यातला एकही माझा नाही म्हणावे, तर राहिलेला कोट गेला कुठे? त्याने ओळीवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत देखणा कोट निवडला. आठव्या खुंटीवरचा.

"बघा घालून," मास्तर म्हणाले. "ट्रायल घ्या. तो अंगातला द्या इकडे."

त्यांनी सातवी खुंटी हलवून पाहिली आणि अत्तराचा लोकरी कोट तिच्यावर टांगला. मग गळ्यातली टेप सारखी करत त्याच्यामागे उभे राहिले.

"डावा खांदा लोंबतोय तुमचा," ते म्हणाले. "लोंबणारच. ज्याच्यासाठी शिवला तो रोज वाकून काज करायचा. डावा खांदा उतरला होता त्याचा, म्हणून मी आत भर घातलीय. आता खिशात हात घाला."

अत्तराने हात घातला. हातात अंगुस्तान आले, शिवताना बोटात घालतात ते.

"तुमचा कोट यात नाही," मास्तर म्हणाले. "कारण त्या दिवशी तुम्ही तो काढलाच नव्हता. मशीनवर बसला होतात. आणि मशीन थांबवलंत."

अत्तराने अंगुस्तान परत खिशात ठेवले. मग तो हळूच म्हणाला, "मला आधी धरलं होतं त्यांनी. ऐकलं नसतं तर मीच आत गेलो असतो. घरी आई होती माझी."

"त्याचीही होती," मास्तर म्हणाले.

त्याने तो कोट काढून खुर्चीवर ठेवला. माणसांनी वाट करून दिली, पण एकानेही त्याच्याकडे पाहिले नाही. तो दारातून बाहेर गेला, शर्टावर. बाहेर किती गारठा होता ते मला माहीत आहे, कारण दार उघडले तेव्हा माझी फळी कडकडली. मला इतका आनंद आजवर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा ड्रायव्हर कोट न्यायला आला. मास्तर म्हणाले, "ज्याचा आहे त्यानं स्वतः यावं. त्याच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही." पुढच्या वर्षी मास्तर गेले, पण सेक्रेटरीने त्यांचा शब्द पाळला आहे. मालक अजून आलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मीही तुम्हाला सांगतो. माझी फळी कोरड्या फडक्याने पुसा. कोणाला थंडीत बाहेर काढत असतील, तर आधी त्याचा कोट त्याच्या हातात द्या, आणि मग बाहेर काढणाऱ्याला जाब विचारा. तुमची दप्तरे माझ्यावर खुशाल टांगा, पहिल्या खुंटीपासून चौदावीपर्यंत कुठेही टांगा. फक्त सातवी सोडा. ती थोडी हलते, पण धरून ठेवते.