दुसऱ्या ओळीवरची खूण

शाळेच्या कार्यालयातल्या कारकूनबाईंना मागे सगळे ‘दवंडी’ म्हणत, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं, कारण त्यांना माहीत नाही अशी गोष्टच शाळेत नव्हती. त्यांच्या पोटात काही राहत नसे. सहलीची तारीख असो की शिपायाच्या मुलीचं ठरलेलं लग्न, सगळं आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडे आणि मग फलकावर लागे. मनाने मात्र वाईट नव्हत्या हो. आनंदाची बातमी एकटीनेच घेऊन बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तर अशा बाईंवर त्या सोमवारी तोंड मिटून बसायची पाळी आली. दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाच्या अंगावर रविवारी कांजिण्या उठल्या होत्या. त्याच्या वडिलांचा फोन येताच मुख्याध्यापिकांनी बाईंना आत बोलावून दार लावून घेतलं.

“मुलाचं नाव कुठेही येता कामा नये,” त्या म्हणाल्या. “सूचनेत नाही, फोनवर नाही, जिन्यातसुद्धा नाही. घरांकडून जी माहिती येईल तीही याच खोलीत राहील. निदान तुमच्याकडून तरी राहू दे.”

“माझ्याकडूनच का?” बाई फुरंगटल्या.

“ते तुम्हाला माहीत आहे.”

बाईंनी सूचना टाईप केली. ‘आपल्या पाल्याच्या वर्गातील एका व्यक्तीला कांजिण्या झाल्या आहेत. शुक्रवारी वर्गात असलेल्या सर्वांचा संपर्क आलेला असू शकतो. मुलाला ताप आल्यास किंवा अंगावर फोड दिसल्यास त्याला घरी ठेवावे व शाळेला कळवावे.’ खाली कापून परत पाठवायची चिठ्ठी होती, आणि तिच्यात तीन ओळी: घरात तान्हं बाळ आहे, घरात गरोदर स्त्री आहे, घरात आजारी ज्येष्ठ व्यक्ती आहे. लागू असेल तिथे बरोबरची खूण करायची. एकतीस सूचना एकतीस दप्तरांतून घरी गेल्या.

मंगळवारी सकाळी चिठ्ठ्या परत आल्या. बाई त्यांचे गठ्ठे लावत बसल्या. काही चिठ्ठ्या चुरगळलेल्या होत्या, एकीवर कोणाच्या तरी कुत्र्याने दात आजमावले होते. त्यातच भिंगरीची चिठ्ठी निघाली. भिंगरी म्हणजे बाईंची नात. मुलगा आणि सून दोन गल्ल्या सोडून राहत, आणि भिंगरी याच वर्गात होती. चिठ्ठीत दुसऱ्या ओळीवर बरोबरची खूण होती.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना वाटलं, खूण तिसऱ्या ओळीवर करायची होती आणि ती वर सरकली. म्हणजे आजारी ज्येष्ठ व्यक्ती कोण, तर सासू! मी? रोज चार वेळा हा जिना चढते मी! ती चूक दुरुस्त करायला त्यांनी रबरसुद्धा हातात घेतलं.

आणि मग हात थांबला. सून इमारतींचे नकाशे काढायची. तिची रेघ कधी केसभर सरकली नव्हती, ती अख्खी खूण कशी सरकवेल?

“अगं बाई!” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. रिकाम्या खोलीत त्या उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

तेवढ्यात शुक्रवार आठवला. शुक्रवारी पालक वर्गाच्या भिंती सजवायला आले होते. सूनही होती. ज्याला आता फोड आले होते तोच मुलगा तासभर तिला चिकटून बसला होता आणि तिला डिंकाची बाटली देत होता. बाईंनी ते स्वतः दारातून पाहिलं होतं. आधी कांजिण्या झालेल्या नसतील तर गरोदर बाईला त्या बाधतात, पोटातल्या बाळालाही. आणि दोन वर्षांपूर्वी एकदा पाळणा हलायच्या आधीच सगळं संपलं होतं. या खेपेला दोघं गप्प का होती, ते आता बाईंना कळलं.

त्या चिठ्ठी घेऊन आत गेल्या. मुख्याध्यापिकांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला.

“मी करू का फोन?”

“नको. मी करते.”

“पण कार्यालय म्हणून.”

“कार्यालय म्हणूनच.”

बाईंनी प्रश्नांचा कागद समोर ठेवला आणि नंबर फिरवला. “नमस्कार, शाळेच्या कार्यालयातून बोलतेय.”

“आई?” सून म्हणाली.

“कार्यालयातून बोलतेय. तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?”

सून म्हणाली, “माहीत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं.”

तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि पुढे काय बोलायचं ते कागदावर नव्हतं. “मग आजच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. अंगात प्रतिकारशक्ती नसली तर इंजेक्शन देतात, पण ते वेळेत घ्यावं लागतं. आजच जायचं, कळलं का गं?”

“कार्यालय ‘गं’ म्हणतं?” सुनेच्या आवाजात हसू आलं. “बरं, हे माझ्या सासूबाईंना कळणार नाही ना?”

“शाळेबाहेर काहीही जाणार नाही,” बाई ताठ मानेने म्हणाल्या.

आणि गेलं नाही! दोन दिवस बाईंनी जिभेला कुलूप घातलं. शिक्षकांच्या खोलीकडे त्या फिरकल्यासुद्धा नाहीत. घरी नवऱ्याने कपाळाला हात लावून पाहिला. “ताप तर नाही. मग कालपासून एकही बातमी कशी नाही?” त्यावर बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि घासलेली पातेली पुन्हा घासत बसल्या. मनात एकच होतं: झालेल्या असू देत, तिला लहानपणी झालेल्या असू देत.

गुरुवारी मधल्या सुट्टीत कार्यालयातला फोन वाजला.

“शाळेचं कार्यालय का?” सूनच होती. “रिपोर्ट आला. कांजिण्या कधीतरी येऊन गेल्यात म्हणे. मला धोका नाही, बाळालाही नाही.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहीत ‘धोका नाही’ असं लिहिलं, पण अक्षर इतकं वाकडं आलं की पुन्हा लिहावं लागलं. “नोंद केली,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“आभारी आहे. ठेवते आता. सासूबाईंना फोन करायचाय.”

अर्ध्या मिनिटात बाईंच्या पर्समधला मोबाइल वाजला.

“आई, कामात आहात?”

“छे गं. रिकामीच बसलेय.”

“एक बातमी आहे. भिंगरीला भावंड येतंय. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगणार नव्हते. पण परवा त्या एका प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. माझ्या लहानपणाचं सांगणारं कोणी उरलंच नाही, आई. म्हणून म्हटलं, या बाळाचं सगळं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असू दे. पुढे कोणी विचारलं तर तुम्ही सांगाल. लक्षात ठेवाल ना?”

बाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

“ठेवीन,” त्या म्हणाल्या. “सगळं ठेवीन गं.”

“आणि आता खुशाल सांगा सगळ्यांना.”

दार उघडंच होतं. बाहेर शिक्षक चहाचे कप घेऊन उभे होते, शिपाई होता, मुख्याध्यापिकाही होत्या, आणि सगळ्यांचे कान इकडेच लागले होते. बाईंनी हळूच दार लोटून घेतलं.

“नको,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत तरी माझ्याजवळच राहू दे.”