उजव्या बाजूला सरकलेली खुर्ची

बसा, मित्रांनो! आता खुर्चीनं आल्यागेल्याला दुसरं काय म्हणायचं? मी नागपूरच्या एका उड्डाण क्लबातली जुनी लोखंडी खुर्ची आहे. माझा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. मे महिन्यात टॉवेल टाकल्याशिवाय माझ्यावर बसायची कोणाची टाप नाही. तरी सांगते, आज मोठमोठी विमानं चालवणारे कितीतरी जण आधी माझ्यावर बसून उडाले आहेत. हसू नका, खरंच सांगते!

माझा जन्म हिंगण्याच्या एका शेडमधला. पाइप वाकवले, जोड मारले, हिरवा रंग फासला, झाले मी तयार. क्लबात आणलं ते हजेरी घेणाऱ्या बाबूसाठी. पण इथं शिकणाऱ्या पोरापोरींची एक रीत आहे. विमानात बसण्याआधी ते खुर्चीत बसून विमान उडवतात. डोळे मिटायचे, समोर विमान आहे असं समजायचं, हात हवेत फिरवायचे आणि एकेक कृती मोठ्यानं बोलायची. नवख्या माणसाला वाटावं, अंगात बिंगात आलं की काय! पण असा सराव केला की खऱ्या विमानात हात चुकत नाहीत. या कामासाठी पोरांना मीच लागायचे, कारण माझी उंची बरोबर विमानातल्या सीटएवढी. परीक्षेच्या दिवशी तर माझ्या पाठीला हात लावून जायची पोरं. मला काय कमी भाव होता!

मग क्लबात कॉम्प्युटरवालं यंत्र आलं. मोठा पडदा, खरी बटणं, गुबगुबीत सीट. मला कोणी विचारेना. नेऊन टाकलं हँगरच्या मागे. पारव्यांनी माझी काय दशा केली ते सांगत नाही, लाज वाटते. दोन पावसाळे तिथं काढले. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

तिथून मला उचललं मयुरा मेश्रामनं. मयुरा म्हणजे याच क्लबात शिकून वैमानिक झालेली पोरगी. तिचे वडील मारोतराव हिंगण्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर लोखंडी सुटे भाग कातायचं काम करतात. आता विमानांचं असं असतं, की एक लहान विमान चालवता आलं म्हणून कोणतंही मोठं चालवता येत नाही. प्रत्येक जातीचं शिक्षण वेगळं, परवान्यावर त्याची नोंद वेगळी. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. मयुराला दोन विमान कंपन्यांनी चाचणीला बोलावलं होतं. एकीकडे बोईंग, एकशे ऐंशी माणसं नेणारं. दुसरीकडे एटीआर, दोन पंख्यांचं, सत्तर माणसांचं, लहान लहान गावांना जाणारं. जिथं पास होईल तिथं त्या विमानाचं शिक्षण मिळणार होतं. पण दोन्ही चाचण्या एकाच गुरुवारी, बोईंगची दिल्लीला, एटीआरची हैदराबादला! कुठं येणार ते सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं.

चाचणी त्या त्या विमानाच्या कॉम्प्युटरवाल्या यंत्रावर व्हायची होती, पण क्लबाच्या यंत्रात ही दोन्ही विमानं नव्हती. म्हणून मयुरानं वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातून दोन्ही कॉकपिटची चित्रं छापून आणली, अगदी खऱ्या मापाची. एका भिंतीवर बोईंग, समोरच्या भिंतीवर एटीआर. मला कपड्यानं पुसलं आणि मध्ये आणून ठेवलं. काय सांगू, त्या दिवशी मला किती बरं वाटलं!

बारा दिवस ती सकाळी बोईंगसमोर बसायची, दुपारी एटीआरसमोर. कोणावरच जास्त जीव नाही, असं दाखवायची. तयारीपुरती ती क्लबाच्या होस्टेलवर राहत होती, त्यामुळे घरून रोज फोन यायचा. "मोठंच घेजो बेटा, कंपनीच्या बसमधे सगळ्याईले सांगून ठेवलं मी," असं मारोतराव म्हणायचे. मयुरा हो हो म्हणायची आणि फोन उलटा ठेवून पुन्हा सरावाला लागायची.

तेराव्या दिवशी, शनिवारी, रुपराव आले. रुपराव म्हणजे क्लबाचे जुने मेकॅनिक, विमानांची चाकं, इंजिनं त्यांच्या हवाली. दारात उभे राहून त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि हसायलाच लागले.

"काय वं पोरी, पयल्याच दिवशी तुले कॅप्टन करून राहिले का?"

"काहून, काका?"

"मंग डावीकडं काहून बसून राहिली? डावी जागा कॅप्टनची. नवीन पायलट उजवीकडं बसते!"

मयुराचे हात हवेतच राहिले. क्लबाच्या लहान विमानात शिकणारा कायम डावीकडे बसतो. त्याच सवयीनं तिनं मला दोन्ही भिंतींसमोर डावीकडे ठेवलं होतं. म्हणजे बारा दिवस सगळं उलट्या हातांनी घोटलं होतं! जे उजव्या हातानं करायचं ते डाव्यानं, जे डाव्यानं ते उजव्यानं. आणि मी? मी तरी कुठं ओळखलं! एवढी वर्षं मिरवले आणि ऐन वेळी पोरीला घेऊन चुकीच्या जागी बसले. ती जमिनीवर बसून रडली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाच दिवसात दोन्ही इमानं नव्यानं नाही होत," रुपराव हळू आवाजात म्हणाले. "एक होते. कोणतं, ते तुझं तू ठरव."

मयुरानं ओढणीनं डोळे पुसले. उठली, मला उचललं, आणि सरळ एटीआरच्या भिंतीकडे नेऊन उजव्या बाजूला ठेवलं. कोणाला विचारलं नाही, फायद्यातोट्याचा हिशोब मांडला नाही. मी मनात म्हटलं, ठरलं बाई एकदाचं! पण बसल्यावर तिनं रुपरावांकडे वळून पाहिलं.

"काका, बाबाले काय सांगू आता?"

रविवारी मारोतरावांना सुट्टी. मोटारसायकलवर ते डबा घेऊन आले. तिनं त्यांना माझ्यावर बसवलं. त्यांची नजर आधी बोईंगच्या भिंतीकडे गेली. मग मयुरानं एका दमात सांगून टाकलं. मारोतरावांचा चेहरा पडला.

"मोठं सोडून लहान काहून वं?"

"बाबा, माझं उतरवणं कच्चं आहे. काकाले विचारा, मी धाडकन आपटलं म्हणून किती टायर बदलले."

"गिनतीच नाही," रुपराव म्हणाले.

"मोठं इमान लांब जाते. दिवसातून दोनदा उतरते, त्यातलं एक कॅप्टन उतरवते. एटीआर दिवसातून सहा सहा वेळा उतरते. मले जे येत नाही, तेच रोज करा लागन. बोईंग मी मंग शिकीन ना बाबा. पन पयले हे."

मारोतराव माझ्या हातावरचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहिले.

"मले सहा वर्षं छोट्या मशीनवर ठेवलं होतं," ते शेवटी म्हणाले. "रोज मोठी मागत होतो, सायेब देत नव्हते. लय राग येत होता. पन मोठी मिळाली तवापासून एक पार्ट खराब नाही केला." मग सुस्कारा टाकून म्हणाले, "बसमधल्या लोकाईले उद्या सांगतो, गोष्ट बदलली. पोरीनं ठरवलं म्हनतो."

मयुरानं त्यांच्या गळ्यात हात टाकला. मलाही गहिवरून आलं, मित्रांनो. लोखंडाची असले म्हणून काय झालं!

आता खरी अडचण पुढेच होती. कॉकपिटमध्ये एक जण करायच्या कामांची यादी वाचतो आणि दुसरा उत्तर देत तपासतो. यादी वाचणारा माणूस कुठून आणायचा? मारोतरावांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि डावीकडे, कॅप्टनच्या जागी, येऊन बसले. चष्मा चढवला. इंग्रजी शब्द एकेक अक्षर जोडून वाचू लागले. चुकले की मयुरा हसायची, ते पुन्हा वाचायचे. ती उजवीकडे माझ्यावर बसून उत्तरं देत होती, आणि हात बरोबर जात होते. डबा तसाच राहिला. सोमवारी सकाळीच मयुरानं हैदराबादला येते म्हणून कळवून टाकलं. पुढचे तीन दिवस मारोतराव ड्युटी सुटली की बसनं घरी न जाता थेट क्लबात यायचे.

गुरुवारी ती पास झाली. सध्या हैदराबादला एटीआर शिकते आहे. परवा रुपराव फोनवर मोठ्यानं विचारत होते, "टायर किती संपवले वं?" आणि पलीकडून तिचं हसू मला इथपर्यंत ऐकू आलं. आता मोठ्या विमानाच्या चाचणीची तयारी करणारी पोरं मला आठवणीनं उजवीकडे ठेवतात. चौथ्या दिवशी विसरतात, तो भाग वेगळा.

मित्रांनो, तुमच्यापुढेही कधी अशा दोन भिंती उभ्या राहतील. लोकांना काय सांगायचं याची काळजी नका करू, आपल्याला काय जमत नाही ते आधी खरं खरं बघा. आणि तुमच्या घरात कोणी काही अवघड शिकत असेल, तर त्यानं काय शिकावं हे सांगत बसू नका. स्टूल ओढा, शेजारी बसा आणि यादी वाचायला घ्या. अडखळलात तरी चालतं.